ग्रामीण भागात एकट्या नेत्रतज्ज्ञाचा दवाखाना: काय आधी, काय नंतर, काय मुळीच नको?

नेत्रपल्लवी (प्रश्न)

नमस्कार. मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. मोतीबिंदूची फेको (ध्वनिलहरींच्या यंत्राने) आणि छोट्या छेदाची हाताने करायची शस्त्रक्रिया, दोन्ही स्वतंत्रपणे करते. काचबिंदूचं निदान आणि औषधोपचार नियमित करते, पडद्याच्या शस्त्रक्रिया करत नाही. आता ग्रामीण भागात स्वतःचा दवाखाना काढायचा आहे. आसपास दुसरा नेत्रतज्ज्ञ नाही आणि पडद्याची शस्त्रक्रिया होते असं सर्वात जवळचं केंद्र रस्त्याने तीन-चार तासांवर आहे. वीज जाते-येते.

परवाने आणि कायदेशीर बाबी त्या त्या ठिकाणच्या असतात, त्यांची चौकशी मी वेगळी करते आहे. इथे मला रोजच्या कामकाजाबद्दल विचारायचं आहे:

ओपीडी आणि ऑपरेशन थिएटर एकदम सुरू करावं की टप्प्याटप्प्याने? पहिल्या खरेदीत कशाला हात आखडता घेऊ नये आणि काय थांबू शकतं? एकच डॉक्टर असताना रजा, आजारपण, रात्रीचे फोन हे कसं बसवायचं? आणि महिन्याचं गणित जुळायला किती काम लागतं, हे आधी कसं काढायचं?

जे असं काम चालवतात किंवा त्याला हातभार लावतात त्यांनी शक्य तितकं नेमकं सांगावं, ही विनंती.

---

गावाकडचा_नेत्रतज्ज्ञ

मॅडम, आधी एक निकष ठरवा, मग खरेदीची यादी करा. कोणतं काम दवाखान्यात घ्यायचं हे ठरवताना "मला ते येतं का" एवढंच विचारून भागत नाही. "ते बिघडलं तर पुढचे २४ तास मी इथे, एकटीने, काय करू शकेन" हे विचारा. मोठ्या रुग्णालयात गुंतागुंत झाली की शेजारच्या खोलीतून दुसरा सर्जन येतो. इथे शेजारची खोली नाही. त्यामुळे प्रत्येक कामासोबत त्याच्या गुंतागुंतीचं सामानही पहिल्याच दिवशी कपाटात हवं.

मोतीबिंदूचंच घ्या. मागचं कॅप्सूल (नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी) फाटणं ही कधी ना कधी होणारच अशी गोष्ट आहे. तेव्हा लागतं ते असं: चालू स्थितीतला अँटिरियर व्हिट्रेक्टर (पुढे आलेला व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग, कापून काढणारं यंत्र) आणि त्याचा सीलबंद जादा कटर, ट्रायअ‍ॅम्सिनोलोन (व्हिट्रियसचे धागे दिसावेत म्हणून), आणि वेगळ्या लेन्स. एकसंध अ‍ॅक्रिलिक लेन्स सल्कसमध्ये (बुबुळ आणि कॅप्सूल यांच्यामधल्या खाचेत) ठेवू नका. तिचे जाड हात बुबुळाच्या मागे घासतात, रंगद्रव्य झडतं, दाब वाढतो, आत रक्त येतं. त्यासाठी तीन तुकड्यांची लेन्स ठेवा आणि सल्कसमध्ये बसवताना तिची पॉवर ०.५ ते १ डायॉप्टरने कमी करा. कॅप्सूलचा आधारच उरला नसेल तर अँटिरियर चेंबर लेन्स (बुबुळाच्या पुढे बसणारी). तिची पॉवर वेगळ्या ए-कॉन्स्टंटने (लेन्सच्या प्रकारानुसार ठरलेला आकडा) मोजायची असते आणि सोबत परिघावर इरिडेक्टॉमी (बुबुळाला छोटं छिद्र) करावीच लागते, नाहीतर बाहुली अडून दाब चढतो. सल्कसमधल्या आणि अँटिरियर चेंबर लेन्सची पॉवर, हे दोन आकडे प्रत्येक पेशंटच्या कागदावर ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवा. फाटल्यावर गणित करत बसायला वेळ नसतो.

मोतीबिंदूचं केंद्रक (मधला कडक भाग) व्हिट्रियसमध्ये पडलं तर त्याचा पाठलाग करू नका. पुढचा व्हिट्रियस साफ करा, जखम टाका घालून बंद करा, सूज आणि दाब आटोक्यात ठेवा आणि पडद्याच्या सर्जनकडे पाठवा. एक-दोन आठवड्यांत ते काढलं तर निकाल सहसा चांगला येतो. मागे जाऊन फेकोच्या टोकाने ओढायला गेलात तर पडदा फाटतो.

दुसरी भीती संसर्गाची, एंडोफ्थॅल्मायटिसची. तो टाळायला तीन गोष्टी: कॉन्जंक्टायव्हल सॅकमध्ये (पापणी आणि डोळा यांच्यामधल्या पोकळीत) ५% पोव्हिडोन आयोडीन पूर्ण ३ मिनिटं (घड्याळ लावून), पापण्यांच्या केसांवर चिकट ड्रेप, आणि शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय बहुकेंद्री अभ्यासात आत सेफ्युरॉक्झिम (०.१ मिलीमध्ये १ मिग्रॅ) न दिलेल्या गटात संसर्गाची शक्यता सुमारे पाचपट होती. मात्र तयार सिंगल डोस मिळत नसेल तर पातळ करण्याचं काम दोघांनी, लिहून, एकमेकांना वाचून दाखवत करायचं. दशांश चिन्ह चुकून दहापट डोस गेला तर पडद्याला इजा होते.

आणि झालाच संसर्ग, तर तीन-चार तासांच्या रस्त्याने पेशंट पाठवून तिथे पहिली सुई लागेपर्यंत वाट पाहणं परवडत नाही. नजर हात हलवलेला दिसण्याइतकी किंवा त्याहून बरी असेल तर नमुना घेऊन इंजेक्शन देणं पुरतं, आणि फक्त उजेड कळत असेल तर व्हिट्रेक्टॉमीचा फायदा होतो, हे १९९५ च्या एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी अभ्यासात दिसलं. म्हणून व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिमच्या वायल दवाखान्यात नेहमी असाव्यात, मुदत दर महिन्याला तपासलेल्या. व्हॅन्कोमायसिन: ५०० मिग्रॅच्या वायलमध्ये १० मिली घातले की ५० मिग्रॅ/मिली. त्यातलं १ मिली घेऊन ४ मिली मिसळलं की १० मिग्रॅ/मिली. त्याचं ०.१ मिली म्हणजे १ मिग्रॅ. सेफ्टाझिडिमचा अंतिम डोस ०.१ मिलीमध्ये २.२५ मिग्रॅ. दोन्ही वेगळ्या सिरिंजमध्ये, कारण एकत्र केली की साका बसतो. ही कृती मोठ्या अक्षरात लॅमिनेट करून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. इंजेक्शन देऊन मग पाठवा, आणि पाठवायच्या आधी तिकडच्या सर्जनशी स्वतः फोनवर बोला.

यातूनच रजेचा नियम निघतो. शस्त्रक्रियेनंतरचा तीव्र संसर्ग बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतो. म्हणून रजेवर जायच्या आधीचे ७ दिवस एकही ऑपरेशन करायचं नाही, फक्त ओपीडी. अचानक आजारी पडलात तर पहिल्या दिवसाची तपासणी कोण करेल, हे नाव सुरुवातीलाच ठरलेलं हवं. शेजारच्या भागातल्या नेत्रतज्ज्ञाशी परस्पर करार करा: तुम्ही त्यांच्या रजेत त्यांचे पेशंट पाहाल, ते तुमच्या. लेखी असावा, फोन नंबर पेशंटच्या कार्डावर. आणि दोन्ही डोळे एकाच दिवशी करू नका, पेशंटचा प्रवास वाचत असला तरी.

टप्प्यांबद्दल माझं मत: आधी निदानाची ओपीडी, थिएटर नंतर. पण "नंतर" म्हणजे पैसे जमल्यावर नव्हे. तुमचा माणूस चष्म्याचा नंबर आणि बायोमेट्री (लेन्सची पॉवर ठरवायला डोळ्याची मोजमापं) न चुकता काढू लागला, ऑटोक्लेव्हची नोंदवही शिस्तीने भरली जाऊ लागली आणि पेशंट दिलेल्या तारखेला परत येऊ लागले की थिएटर उघडा. ऑपरेशनच्या निकालाचा पाया या तीन सवयी आहेत.

बायोमेट्रीवर थोडं जास्त बोलतो, कारण ग्रामीण दवाखान्यात "ऑपरेशन झालं पण नीट दिसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. डोळ्याची लांबी ०.१ मिमी चुकली की साधारण पाव डायॉप्टरची चूक. १ मिमी चुकली तर अडीच ते तीन डायॉप्टर. स्पर्शाच्या ए-स्कॅनमध्ये (ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजताना) तंत्रज्ञ प्रोब दाबतो, कॉर्निया चेपते, लांबी कमी भरते, लेन्स जास्त पॉवरची बसते आणि पेशंटला उणे नंबर येतो. उपाय: इमर्शन पद्धत (प्रोब कॉर्नियाला न टेकवता द्रवातून मोजणं) वापरा, किंवा परवडत असेल तर ऑप्टिकल बायोमीटर (तरी पिकलेल्या मोतीबिंदूसाठी ए-स्कॅन लागतोच). आणि नियम असा की लांबी २२ मिमीपेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त, किंवा दोन डोळ्यांत ०.३ मिमीहून जास्त फरक असेल, तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं. केरॅटोमेट्री (कॉर्नियाच्या गोलाईचं मोजमाप) नेहमी आधी, ए-स्कॅन आणि दाबाची तपासणी नंतर. स्पर्श झालेल्या कॉर्नियाचे आकडे बिघडतात.

पहिल्या खरेदीत हात आखडता घेऊ नये असं: स्लिट लॅम्प आणि त्यावरचा अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर (डोळ्याचा दाब मोजणारा), ९० आणि २० डायॉप्टरच्या लेन्स, इनडायरेक्ट ऑप्थाल्मोस्कोप, गोनिओस्कोपीची (डोळ्याच्या पुढच्या भागातला कोन पाहण्याची) लेन्स, चांगला ट्रायल सेट. ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) थांबू शकतो. फील्ड मशीन (नजरेचा आवाका मोजणारं) मात्र काचबिंदू पाहणार असाल तर पहिल्या वर्षातच हवं. फंडस कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून दूरच्या तज्ज्ञाकडून वाचून घेण्याची सोय मधुमेहींसाठी उत्तम, पण बाहुली लहान किंवा मोतीबिंदू दाट असला की फोटो वाचण्याजोगा येत नाही. असा फोटो "सामान्य" म्हणून नोंदला जाऊ नये. "फोटो निरुपयोगी, थेंब घालून डॉक्टरांनी पाहावं" असा वेगळा रकाना ठेवा.

---

ओटी_सिस्टर

सरांनी ऑटोक्लेव्हचा उल्लेख केला, तो मी पुढे नेते. एकाच डॉक्टरच्या दवाखान्यात निर्जंतुकीकरण ज्या व्यक्तीकडे असतं तीच व्यक्ती फोन उचलते, पेशंटला थेंब घालते आणि सामान आणायलाही जाते. चुका तिथून सुरू होतात. ऑपरेशनच्या दिवशी त्या व्यक्तीला दुसरं काम देऊ नका.

साध्या, गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या सेटला १२१ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं, तापमान गाठल्यानंतर मोजायची. बटण दाबल्यापासून नाही. पोकळ नळीची हत्यारं, म्हणजे कॅन्युला आणि फेकोचा हँडपीस, यांच्या आतली हवा साध्या ऑटोक्लेव्हमध्ये नीट निघत नाही. त्यासाठी आधी निर्वात करणारं यंत्र लागतं, १३४ अंशावर ३ ते ४ मिनिटांचं आवर्तन. अशा यंत्राला रोज सकाळी पहिलं रिकामं आवर्तन करून बोवी-डिक चाचणी (आतली हवा पूर्ण निघते का ही) करायची. दर सेटमध्ये आत रासायनिक पट्टी, आणि आठवड्यातून किमान एकदा जीवाणूच्या बीजाणूंची चाचणी (जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस). बाहेरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे सेट निर्जंतुक झाला असं समजू नका. टेप फक्त एवढंच सांगते की पुडा यंत्रात जाऊन आला.

ओला पुडा म्हणजे दूषित पुडा. तो वाळवून वापरायचा नाही, पूर्ण आवर्तन पुन्हा. पुडे ओले राहतात ते ड्रम कोंबून भरल्यामुळे किंवा आवर्तन संपल्या संपल्या दार पूर्ण उघडल्यामुळे.

आता पाण्याबद्दल. बोअरचं जड पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की हीटरवर क्षार बसतात आणि हत्यारांवर पांढरे डाग पडतात. ऊर्ध्वपातित पाणीच घाला. कॅन्युला आणि हँडपीस ऑपरेशन संपताच, व्हिस्कोइलॅस्टिक (ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरायचं चिकट जेल) सुकायच्या आत, आतून भरपूर निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि मग हवा सोडून कोरडे करा. एन्झाइमचा साबण वापरला तर तो पूर्ण निघेपर्यंत. आत राहिलेला साबणाचा किंवा व्हिस्कोचा अंश पुढच्या डोळ्यात गेला की टास (डोळ्याच्या पुढच्या भागाचा, जंतूंशिवायचा विषारी दाह) होतो: १२ ते ४८ तासांत संपूर्ण कॉर्निया कडेपासून कडेपर्यंत सुजते, दुखणं मात्र संसर्गाच्या मानाने कमी. एकाच दिवसाच्या यादीत दोन डोळे असे दिसले तर पुढची यादी थांबवा आणि धुण्याच्या टप्प्यापासून सगळं तपासा. पण शंका असेल तोवर तो संसर्गच समजायचा, कारण ती चूक महाग पडते.

टोनोमीटरच्या प्रिझमबद्दलही सांगते, कारण ओपीडीत साथीचा डोळा पसरतो तो यातून. फक्त स्पिरिटच्या बोळ्याने पुसून अ‍ॅडिनोव्हायरस खात्रीने मरत नाही. घरगुती ब्लीचचं एकास नऊ पाण्यातलं द्रावण, त्यात टोक ५ मिनिटं, मग वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं. धुवायचं राहिलं तर कॉर्निया भाजते. द्रावण रोज नवीन. तीन प्रिझम असले की एक वापरात, एक द्रावणात, एक वाळत.

---

नेत्रपल्लवी

दोघांचेही मनापासून आभार. ७ दिवसांचा नियम आणि वेगळा रकाना लगेच टिपून घेतला. दोन गोष्टी अजून: ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ रोज मिळणार नाहीत, तर ब्लॉक (डोळ्याभोवती द्यायची भूल) मी स्वतः द्यायचा का? आणि विजेची व्यवस्था नेमकी कशी आखायची?

---

भूलतज्ज्ञ_फिरते

ब्लॉक देणं तुम्हाला जमेल, पण दिल्यानंतर पेशंटकडे बघणारा माणूस वेगळा हवा. सुईच्या ब्लॉकमधून भूल मज्जातंतूच्या आवरणातून मेंदूच्या खोडापर्यंत गेली तर गुंगी, श्वास मंदावणं, दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी होणं हे काही मिनिटांत दिसू लागतं. म्हणून ब्लॉकनंतर पहिली २० मिनिटं पेशंटला बाहेरच्या बाकावर एकटं बसवू नका. पल्स ऑक्सिमीटर लावलेला, शेजारी शिकलेला माणूस. खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर (आणि भरलेला दुसरा), बॅग आणि मास्क, सक्शन, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅड्रिनॅलिन. तीव्र अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाला अ‍ॅड्रिनॅलिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत, म्हणजे एक हजारात एक द्रावणाचं अर्धा मिली. हे डॉक्टरखेरीज आणखी एकाला देता आलं पाहिजे, कारण तुमचे हात निर्जंतुक असतील.

माझा कल सब-टेनॉन ब्लॉककडे (डोळ्याच्या बाहेरच्या आवरणाखाली भूल सोडणं) आहे. बोथट कॅन्युला असल्यामुळे डोळा भोसकण्याचा आणि डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा धोका बराच कमी, विशेषतः लांब डोळ्यांत आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांत. वॉरफरिन मोतीबिंदूसाठी स्वतःहून बंद करू नका. आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा) त्या पेशंटच्या ठरलेल्या मर्यादेत आहे एवढं बघा. मागे रक्तस्राव होऊन डोळा दगडासारखा घट्ट झाला तर बाहेरच्या कोपऱ्याची कँथॉटॉमी आणि कँथोलायसिस (पापण्यांचा कोपरा आणि त्याचा बंध कापून दाब मोकळा करणं) तिथेच करायची. पडदा साधारण ९० मिनिटांपलीकडे तग धरत नाही आणि तुमचं केंद्र चार तासांवर आहे. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी ऑपरेशन नाही. गोळी जिभेखाली देऊन घाईने उतरवणंही नाही. परत फॅमिली डॉक्टरांकडे, औषध बसू द्या.

लहान मुलं, पूर्ण भूल लागणारं कोणतंही काम, आणि शिरेतून फ्लुओरेसिन देऊन काढायची अँजिओग्राफी, ही तिन्ही कामं एकट्याच्या दवाखान्यात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

---

यंत्रदुरुस्त

विजेचा भार तीन गटांत वाटा.

पहिला गट, क्षणभरही खंड चालत नाही: मायक्रोस्कोप, फेको, पेशंटचा मॉनिटर, थिएटरमधला एक दिवा. यांना ऑनलाइन प्रकारचा यूपीएस. घरगुती इन्व्हर्टर चालणार नाही. स्क्वेअर वेव्हवर फेकोचं इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतं आणि मोटारी तापतात. क्षमता काढताना वॅट जोडा, ०.८ ने भागा, वर ३०% ठेवा. समजा एकूण १२०० वॅट: १५०० व्हीए, वाढ धरून सुमारे २ केव्हीए. बॅटरी किमान अर्धा तास चालेल इतकी. दर तीन महिन्यांनी पूर्ण भार लावून, मुख्य स्विच पाडून, घड्याळाने वेळ मोजा. पॅनेलवर "१००%" दिसत असलेली जुनी बॅटरी भार आला की दोन मिनिटांत बसते.

दुसरा गट, १५-२० सेकंद थांबू शकतो: ऑटोक्लेव्ह, एसी, पाण्याचा पंप, फ्रिज. हा जनरेटरवर. ऑटोक्लेव्हचा हीटर यूपीएसवर कधीही नको, तो एकटाच सगळी बॅटरी खाईल. आवर्तनाच्या मध्ये वीज गेली तर ते आवर्तन बाद, पुन्हा पहिल्यापासून. तिसरा गट म्हणजे बाकीचं सगळं.

अर्थिंग वेगळं काढा आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजत राहा. २-३ व्होल्टच्या पलीकडे गेलं तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग यंत्र जोडा. यंत्रांचे बोर्ड वारंवार जळतात तेव्हा दोष बहुधा इथे असतो.

व्हिट्रेक्टर हवेच्या दाबावर चालणारा आहे का, हे खरेदीआधी विचारा. असेल तर काँप्रेसर किंवा सिलिंडर त्याच दिवशी लागेल, आणि कॅप्सूल फाटल्यावर "हवा नाही" हे कळणं फार उशिराचं. फेको बंद पडला तर पुढे काय? हाताने करायच्या शस्त्रक्रियेचा एक पूर्ण सेट प्रत्येक यादीच्या दिवशी निर्जंतुक करून टेबलाजवळ ठेवा. तुम्हाला दोन्ही येतात, हे तुमचं बळ आहे.

सुटे भाग जे दवाखान्यातच असावेत: स्लिट लॅम्प आणि मायक्रोस्कोपचे दोन-दोन बल्ब, फ्यूज, ऑटोक्लेव्हच्या दाराचा गॅस्केट, इनडायरेक्टची बॅटरी, आणि जमल्यास फेकोचा दुसरा हँडपीस. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. कोटिंग खाल्लं की ती पुसून निघत नाही. लेन्स आणि जोडण्याचे ऑप्टिकल भाग ४०-५०% आर्द्रतेच्या बंद कपाटात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह. ओल्या दिवसांत स्लिट लॅम्पवर रात्रभर प्लास्टिकचं घट्ट आवरण नको, कापडी घाला.

टोनोमीटर महिन्यातून एकदा ०, २० आणि ६० वर सोबतच्या दांड्याने तपासा. पाऱ्याच्या २ मिमीहून जास्त फरक असेल तर त्यावर काचबिंदूचं औषध बदलू नका. देखभालीच्या करारात "सर्व दुरुस्ती समाविष्ट" या शब्दांवर जाऊ नका. किती तासांत माणूस येणार, आणि लांबलं तर बदली यंत्र देणार का, हे दोन मुद्दे लिहून घ्या.

---

हिशेबनीस_दवाखाना

गणित सोपं आहे, पण यंत्रांचे कोटेशन घ्यायच्या आधी करा. महिन्याचा स्थिर खर्च (भाडं, पगार, हप्ते, वीज, करार, तुमचं स्वतःचं वेतनसुद्धा) १०० धरा. प्रत्येक कामातून त्याचा थेट खर्च वजा जाता काय उरतं ते याच एककात काढा. नुसती पद्धत दाखवायला: तपासणीमागे ०.१५, चष्म्यामागे ०.२, ऑपरेशनमागे २ उरतात. ३०० तपासण्यांचे ४५, १०० चष्म्यांचे २० झाले. उरलेल्या ३५ साठी १८ ऑपरेशनं. आता विचारा: पेरणी-कापणीच्या महिन्यांत लोक ऑपरेशन पुढे ढकलतात तेव्हा १८ होतील का? नसतील तर यंत्राचा हप्ता जास्त आहे. पगार आणि हप्ते मंद महिन्यावर बेता, चांगल्या महिन्यावर नको.

विमा किंवा योजनेचे पैसे हाती येईपर्यंत ते उत्पन्न धरू नका. बिल पाठवल्याची तारीख, त्रुटी निघाल्याची तारीख, जमा झाल्याची तारीख असे तीन रकाने ठेवा. नाकारल्या जाणाऱ्या बिलांत मोठा वाटा क्षुल्लक कारणांचा असतो: ऑपरेशनआधीची नजर न लिहिणं, डावा-उजवा डोळा न जुळणं, लेन्सचं स्टिकर नसणं. डिस्चार्जच्या वेळीच तपासा.

लेन्सचा साठा: बहुतेक मागणी १९ ते २४ डायॉप्टरमध्ये असते. त्या टप्प्यात अर्ध्या-अर्ध्या फरकाने, मधल्या पॉवरच्या जास्त. टोकाच्या पॉवर ऑपरेशनची तारीख ठरली की मागवा. वापरल्यावर पैसे देण्याच्या तत्त्वावर पुरवठादार ठेवायला तयार असतो, पण मुदतीची जबाबदारी कोणाची हे विचारून घ्या. सोडियम हायल्युरोनेटचं व्हिस्को २ ते ८ अंशात, एचपीएमसीचं खोलीच्या तापमानात चालतं. काचबिंदूच्या लॅटॅनोप्रोस्ट थेंबांची बाटली न उघडलेली फ्रिजमध्ये, उघडल्यावर २५ अंशापर्यंत ६ आठवडे. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकवून काही ठेवू नका आणि कमाल-किमान थर्मामीटर रोज लिहा.

सर्वात जास्त नुकसान मात्र न येणाऱ्या पेशंटमुळे होतं, आणि ते आधी डोळ्याचं नुकसान असतं. काचबिंदू सहसा दुखत नाही, म्हणून पेशंट थेंब संपल्यावर परत येत नाही. पुढच्या तारखेनुसार लावलेली नोंदवही ठेवा, नावानुसार नको. रोज सकाळी कालच्या न आलेल्यांना फोन. दोनदा लागला नाही तर घरच्या दुसऱ्या नंबरवर. पहिल्या भेटीतच दोन नंबर घ्या.

बाहुली मोठी करण्याचे थेंब दुपारपूर्वीच घाला. नंतर चार-सहा तास जवळचं धूसर असतं आणि शेवटची गाडी चुकली की पेशंट पुढच्या वेळी येत नाही. थेंबांआधी टॉर्चने किंवा स्लिट लॅम्पवर कोन अरुंद नाही ना हे पाहायचं, हे वेगळं सांगायला नको.

---

गावाकडचा_नेत्रतज्ज्ञ

हिशेबनीसांनी साठ्याचं सांगितलं, त्याला जोड देतो. शेतीच्या भागात झाडपाला किंवा धान्याचं कूस लागून कॉर्नियाला झालेली जखम रोज येईल, आणि तिच्यात बुरशी असू शकते. स्टिरॉइड असलेला थेंब कुठून तरी घालून आलेला पेशंट असेल तर अधिकच. साधा मायक्रोस्कोप, १०% केओएच (बुरशी दिसण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आणि ग्राम स्टेन (जीवाणू ओळखायचा रंग) ठेवा. खरवड घेऊन तिथेच पाहिलं की अर्ध्या तासात दिशा कळते. तंतुमय बुरशीला नॅटामायसिन ५% पहिलं. २०१३ च्या तुलनात्मक चाचणीत ते व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, फ्युसेरियममध्ये विशेष. नॅटामायसिनचा साठा कधी संपू देऊ नका.

चुना, अ‍ॅसिड, शेतीची रसायनं डोळ्यात गेली तर आधी धुणं, मग नोंदणी. किमान अर्धा तास, पापणी दुहेरी उलटून चुन्याचे कण काढत, पीएच पट्टीवर ७ ते ७.५ येईपर्यंत, थांबल्यावर ५-१० मिनिटांनी पुन्हा पट्टी लावायची. आसपासच्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना हे शिकवा: "पाठवण्याआधी धुवा". फुटलेल्या डोळ्याला मात्र धुणं, मलम, दाबपट्टी काहीही नको. कडक ढाल, धनुर्वाताचं इंजेक्शन, उपाशी ठेवून पाठवा.

आणि ज्या डॉक्टरांनी पेशंट पाठवला त्यांना त्याच दिवशी चार ओळींचं उत्तर लिहा: काय सापडलं, काय दिलं, कधी बोलावलं, त्यांनी काय पाहायचं. मधुमेह-रक्तदाबाची औषधं त्यांच्याकडेच राहू द्या. असा दवाखाना जाहिरातीपेक्षा या चार ओळींवर जास्त उभा राहतो.

---

ओटी_सिस्टर

लहान समाजात आणखी एक जपायचं. रिसेप्शनवरच्या माणसाला आलेला प्रत्येक जण ओळखीचा असतो. प्रतीक्षाकक्षात नाव पुकारून आजार विचारू नये, केसपेपर उलटे ठेवावेत, आणि कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचा कागद त्या कर्मचाऱ्याने उघडू नये, हे नेमणुकीच्या पत्रात लिहा. रस्त्यात, लग्नकार्यात कोणी डोळा दाखवला तर "उद्या दवाखान्यात या" एवढंच. तिथे दिलेल्या सल्ल्याची नोंद नसते, आणि पुढे काय सांगितलं होतं ते कोणालाच आठवत नाही.

रात्रीच्या फोनसाठी ऑपरेशनच्या कार्डावर मोठ्या अक्षरात चार वाक्यं छापा: लाली वाढली, दुखू लागलं, नजर कमी झाली, उजेड सहन होत नाही. यातलं एकही असेल तर सकाळची वाट न पाहता फोन करा. फोन कर्मचाऱ्याकडे असेल तर त्याने निदान करायचं नाही. चारही प्रश्न विचारायचे, उत्तरं वेळेसह लिहायची, आणि एकाचंही उत्तर "हो" आलं की डॉक्टरांना उठवायचं. "थेंब घाला, सकाळी या" हे वाक्य फक्त डॉक्टरांनी बोलायचं. वाचता येत नाही अशा पेशंटसोबत आलेल्या माणसाकडून ती चार वाक्यं डिस्चार्जच्या वेळी म्हणवून घ्या आणि म्हणवून घेतल्याची खूण कागदावर करा.